क्रमांक कोणाचा, संधी कोणाची?

एखाद्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ गेल्या वर्षापर्यंत पहिल्याच फेरीत हरून घरी परतत होता. यंदा नवा प्रशिक्षक आला, पोरे पहाटे मैदानावर येऊ लागली आणि संघ एकामागून एक सामने जिंकू लागला. आता त्या संघाचे हितचिंतक म्हणतात, "या संघाला देशाच्या क्रमवारीत जागा मिळालीच पाहिजे." दुसरे विचारतात, "अहो, पण त्यांनी हरवले कोणाला?" या दोघांत बरोबर कोण?

वरवर पाहता हा चहाच्या टपरीवरचा वाद आहे. पण थोडे खोलात गेले की लक्षात येते, हा खेळाचा कमी आणि इन्साफचा प्रश्न जास्त आहे. माणसाला काय द्यायचे, तो आज जिथे आहे ते पाहून की तो जिथून आला ते पाहून? शिक्षकाला हा प्रश्न रोज पडतो, आईबापाला पडतो, आणि मागे पडलेल्या कोणत्याही समाजाला तर तो सोडतच नाही. म्हणून या लहानशा वादाकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते.

आम्ही राहतो ऐरोलीत. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसरीकडे माईंडस्पेसच्या काचेच्या इमारती, मध्ये सिडकोचे सेक्टर आणि जुन्या गावठाणाच्या खुणा. संध्याकाळी मैदानावर क्रिकेटचे तीन-चार डाव एकमेकांत गुंतलेले असतात आणि उरलेल्या कोपऱ्यात फुटबॉल चालतो. पाठीवर मेस्सीचे किंवा सलाहचे नाव असलेली ही पोरे उद्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या संघात जातील. तेव्हा त्यांच्या मेहनतीची मोजदाद कशी होणार, हे समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की महाविद्यालयीन फुटबॉल संघांची सर्वमान्य अशी देशपातळीवरची क्रमवारी आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे आहे ती शिडी. कॉलेज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळते. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. मुंबई विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात खेळतो आणि विभागातून वर आलेले संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत भिडतात. म्हणजे विद्यापीठाच्या पायरीवर आले की कॉलेजचे नाव मागे राहते. विद्यापीठांच्या एकंदर क्रीडा कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आहे. १९५६-५७ पासून तो दिला जातो आणि अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा नेला आहे. हा करंडक स्पर्धांतल्या कामगिरीच्या गुणांवर ठरतो. कोण किती खालून वर आला, हे तिथे कोणी विचारत नाही.

कॉलेजच्या संघांना खरोखरच देशभराचे क्रमांक देणारा मुलुख म्हणजे अमेरिका. त्यांचा फुटबॉल वेगळा, हाताने चेंडू धरून धावण्याचा. पण वाद अगदी आपलाच आहे. तिथे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांची मते घेऊन यादी करते. आता त्या यादीत पहिले पंचवीस संघ असतात. संघ शंभराहून जास्त आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर सामने, त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळणे शक्यच नाही. जिथे सामना होत नाही तिथे मत येते. २०१४ पासून अंतिम स्पर्धेचे संघ एक समिती निवडते. आधी चार संघ घेत, २०२४ पासून बारा घेऊ लागले.

या पद्धतीत इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ च्या हंगामात तीन सामने जिंकला आणि नऊ हरला. पुढच्या वर्षी कर्ट सिग्नेटी हे नवे प्रशिक्षक आले आणि त्याच विद्यापीठाने बारापैकी अकरा सामने जिंकले. लगेच वाद पेटला. विरोधक म्हणाले, यांचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते. समितीने त्यांना बारा संघांत घेतले. पहिल्याच फेरीत नोत्र दामने त्यांना २७-१७ असे हरवले, तेव्हा विरोधकांना 'आम्ही सांगत नव्हतो का' म्हणायला तोंड मिळाले. पण पुढच्याच हंगामात, डिसेंबर २०२५ मध्ये, हाच संघ ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाला हरवून आपल्या विभागाचा विजेता झाला आणि देशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकला. मात्र हंगामाच्या शेवटी त्यांचा मुख्य खेळाडू जायबंदी झाला. समितीने विचार केला की आता हा संघ पूर्वीसारखा खेळू शकणार नाही, आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. एकही सामना न हरलेला संघ बाहेर राहिला. त्यानंतरच्या सामन्यात अनेक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे हरवले. समितीचे समर्थक या आकड्याकडे बोट दाखवतात. पण ज्यांनी तेरा वेळा मैदान मारले त्यांच्या मेहनतीचा हिशेब उद्याच्या अंदाजावरून पुसून टाकणे याला न्याय म्हणायचे का?

या दोन उदाहरणांतून एक गाठ सुटते. 'क्रमांक' या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. संघाने आतापर्यंत काय केले, ही पहिली. तो आज किती ताकदीचा आहे, ही दुसरी. आणि तो पुढे काय करू शकेल, ही तिसरी. फ्लोरिडा स्टेटचा दावा पहिल्या गोष्टीवर होता, समितीचा निर्णय दुसरीवर झाला. चढत्या संघाचे हितचिंतक बहुतेक वेळा तिसरीच्या बळावर बोलत असतात. तिघांचे निकष वेगळे, पुरावे वेगळे. ते एकत्र केले की भांडण मिटत नाही, कारण दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

आम्ही शिक्षक या घोळात रोज उभे असतो. मराठीत निकालाच्या वहीला किती सुंदर शब्द आहे, प्रगतिपुस्तक! नावातच प्रगती आहे. पण पालक ते हातात घेतल्यावर आधी काय शोधतात? क्रमांक. वर्गात एक मुलगी चाचणीत पस्तीस टक्क्यांवर असते आणि वार्षिक परीक्षेत अठ्ठावन्नवर येते. दुसरी ब्याऐंशीवरून ऐंशीवर उतरते. पहिली चढते आहे, दुसरी किंचित घसरते आहे. म्हणून आपण अठ्ठावन्नवालीला वरचा क्रमांक देतो का? नाही देत. दिला तर ऐंशीवालीवर अन्याय होईल आणि अठ्ठावन्नवालीचीही फसवणूक होईल. पण पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासाला कोणाला बसवायचे, असा प्रश्न आला तर शहाणा शिक्षक त्या अठ्ठावन्नवालीला पहिल्या बाकावर बोलावतो. तिची चढण सांगते की इथे खत-पाणी घातले तर वाया जाणार नाही.

आमच्या मते संपूर्ण प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे. क्रमांक ही साक्ष आहे, गवाही आहे. अमुक संघाने अमुक संघांविरुद्ध असे केले, एवढेच तो सांगतो. साक्ष देणाऱ्याने दया दाखवून वाढवून सांगू नये आणि आकसाने कमीही करू नये. आपला म्हणून, गरीब म्हणून, होतकरू म्हणून साक्ष फिरवली की ती खोटी साक्ष होते, मग हेतू कितीही नेक असो. संधी मात्र वेगळी. संधी हा विश्वास आहे आणि विश्वास टाकताना माणसाची चाल कोणत्या दिशेने आहे हे पाहणे रास्तच आहे. चढत्या संघाला क्रमांक मागण्याचा हक्क नाही. मोठ्या संघाशी सामना मागण्याचा हक्क त्याला पुरेपूर आहे.

यावर कोणी म्हणेल, गणिताने क्रमांक ठरवा म्हणजे वादच नको. पण गणितही माणसानेच बसवलेले असते. आपल्या देशाच्या संघाचेच पाहू. मार्च २०१५ मध्ये फिफाच्या क्रमवारीत भारत १७३ व्या स्थानावर होता, आजवरचे सर्वांत खालचे स्थान. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांच्या काळात संघ चढू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारताने क्रमवारीत वर असलेल्या पोर्तो रिकोला ४-१ असे हरवले. २०१७ मध्ये म्यानमार आणि किर्गिझस्तान यांच्यावर आशिया चषक पात्रता फेरीत विजय मिळाले आणि त्याच वर्षी जुलैत भारत ९६ व्या स्थानावर पोहोचला. फेब्रुवारी १९९६ मधल्या ९४ व्या स्थानानंतरची ही सर्वोत्तम जागा. वर्तमानपत्रांनी मथळे सजवले.

पण त्या ९६ चा अर्थ काय होता? तेव्हाच्या सूत्रात सामन्यांच्या गुणांची सरासरी काढत. मैत्रीपूर्ण सामन्याला वजन कमी होते, त्यामुळे तो जिंकूनही सरासरी खाली येऊ शकत असे. हे हेरून पोलंडने २०१८ च्या विश्वचषकाची सोडत होण्याआधी मैत्रीपूर्ण सामने जवळजवळ टाळलेच. क्रमवारीत वर राहून त्यांनी अव्वल मानांकितांच्या गटात जागा मिळवली आणि प्रत्यक्ष विश्वचषकात सेनेगल व कोलंबियाकडून हरून आपल्या गटात ते तळाला राहिले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

फिफाने ऑगस्ट २०१८ पासून सूत्र बदलले. नव्या सूत्राचा पाया बुद्धिबळातला आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाड एलो यांनी ही रीत बसवली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचे मर्म सोपे आहे. सामन्याआधी दोघांच्या गुणांवरून निकालाची अपेक्षा काढायची. दुबळ्याने बलवानाला हरवले तर त्याला भरपूर गुण मिळतात आणि बलवानाने दुबळ्याला हरवले तर अगदी थोडे. इथे चढत्या संघाला दयेची गरजच उरत नाही. तो खरोखर सुधारला असेल तर अपेक्षेपेक्षा जास्त जिंकेल आणि आपोआप वर येईल. सुधारणेचा दावा तोंडाने न करता पायाने करावा लागतो. घोडामैदान जवळच असते.

आणि जे चढते ते उतरूही शकते, हेही आपण पाहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची आशा संपली. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशने हरवले आणि भारत १४२ व्या स्थानावर घसरला. २०१७ मध्ये 'आपण चढतो आहोत' म्हणून कोणी आपल्याला ऐंशीवी जागा बहाल केली असती, तर आज ती कोणत्या तोंडाने परत केली असती? चढण हे वचन असते आणि सगळीच वचने पाळली जात नाहीत.

इथवर वाचून काही वाचकांना वाटेल की आम्ही क्रमवारीवाल्यांच्या बाजूचे झालो. तसे नाही. कारण एलोंचे सूत्र कितीही इन्साफी असले तरी ते सामना झाल्यावरच बोलते. ज्याला सामनाच मिळत नाही त्याच्याबद्दल ते मुके असते, आणि खरा अन्याय इथेच लपलेला असतो.

कोलकात्याचा इतिहास पाहा. तिथल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागात दोनच भारतीय संघ असावेत असा नियम होता. ईस्ट बंगालने खालच्या विभागात खेळून हक्क मिळवला, तरी त्यांना वर घेण्यासाठी १९२५ मध्ये तो नियम मोडावा लागला. त्यानंतरच्या दशकात मोहम्मेडन स्पोर्टिंग खालच्या विभागातून वर आला आणि १९३४ मध्ये, पहिल्या विभागातल्या पहिल्याच वर्षी, लीग जिंकून बसला. ती लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. पुढची चार वर्षेही, १९३८ पर्यंत, त्याने ती सोडली नाही. आमच्या मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स करंडक गोऱ्या पलटणींच्या हातून प्रथम काढून घेतला तो १९३७ मध्ये बेंगलोर मुस्लिम्स या संघाने, आणि १९३८ मध्ये पुन्हा. १९४० मध्ये तो मोहम्मेडन स्पोर्टिंगने नेला. १९३३ मध्ये कोणी मत घेऊन यादी केली असती तर या नव्या संघाला पहिल्या पाचात कोणी धरले असते? यादीने त्यांना काही दिले नाही. दार उघडले, सामना मिळाला आणि बाकीचे त्यांनी स्वतः घेतले.

दार बंद असले की काय होते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. डोके झाकून खेळण्यावर फिफाची बंदी होती, म्हणून २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला अम्मानमध्ये जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना खेळता आला नाही. २०१४ मध्ये ती परवानगी रीतसर मिळाली. त्याच इराणचा संघ २०२२ मध्ये पहिल्यांदा महिला आशिया चषकाला पात्र ठरला आणि तो खेळायला आला कुठे, तर आमच्या नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसले की थोड्या वेळात नेरूळ येते. २०११ च्या क्रमवारीत इराणच्या मुलींचा जो काही क्रमांक असेल, तो त्यांच्या खेळाबद्दल सांगत होता की त्यांच्यापुढे बंद केलेल्या दाराबद्दल?

त्याच स्पर्धेत आणखी एक धडा होता. भारतीय महिलांना २०२२ मध्ये यजमान म्हणून थेट जागा मिळाली होती. इराणशी त्यांनी ०-० अशी बरोबरी केली. मग संघात कोरोना पसरला, चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाद धरला गेला. दिलेली जागा अशी हातातून निसटली. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माईत भारतीय मुलींनी क्रमवारीत आपल्याहून बऱ्याच वर असलेल्या थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. दिलेली जागा आणि कमावलेली जागा यांतला फरक त्या मुलींना आता कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग यजमानपदाची जागा चूक होती का? आम्हाला तसे वाटत नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, काही सामने नेरूळलाही झाले. भारताची पोरे यजमान म्हणून खेळली आणि तिन्ही सामने हरली. पण कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगने गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघाला जागा दिली गेली, क्रमांक दिला नाही. गोल मात्र कोणी दिला नाही, तो त्याने मारला. संधी उदारपणे द्यावी आणि हिशेब काटेकोर ठेवावा, याचे याहून चांगले चित्र कुठले?

एक शिक्षक हे तत्त्व फार आधी जगून गेले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळेत शिकवत असत आणि पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत त्यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. त्या दिवशी कोणी क्रमांक लावला असता तर भारत कुठे असता? पण स्पर्धेची रचना अशी होती की एका हाराने दार बंद होत नव्हते. संघाने थायलंडला हरवले, जपानला हरवले, दक्षिण व्हिएतनामला हरवले आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक आणले. सुधारलेल्या संघाला रहीम साहेबांनी कुठल्या यादीत जागा मागितली नाही. ज्याने हरवले त्याच्याशी पुन्हा गाठ पडेपर्यंत टिकून राहायचे, एवढेच त्यांनी पाहिले.

हे सारे आपल्या दारात का आणावे, असे वाचक विचारतील. कारण क्रमांकाला आता पोटाची बाजू आहे. दहावी-बारावीत खेळाडूंना क्रीडा गुण मिळतात आणि ते स्पर्धेची पातळी व तिथली कामगिरी पाहून ठरतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. तिथे प्रमाणपत्रावर जिल्हा लिहिले आहे, राज्य की राष्ट्रीय, यावर घर उभे राहते किंवा राहत नाही. म्हणून आपल्या माणसाला वरची पातळी मिळावी असे वाटणे साहजिक आहे. पण खोट्या पातळीचे प्रमाणपत्र एकाला मिळते तेव्हा खऱ्या पातळीवरचा दुसरा एक जण रांगेतून मागे ढकलला जातो. तोही कोणाचा तरी मुलगा असतो आणि त्याचे नाव आपल्याला माहीत नसते, एवढेच.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त टोचते. उर्दू माध्यमाच्या मुलांना एक खास शाबासकी मिळते, "उर्दू माध्यमाचा असूनही छान खेळतो", "या शाळेच्या मानाने खूपच केले." बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण त्या 'असूनही'त आणि 'मानाने'त मुलाची उंची ठरवून टाकलेली असते. त्याला सांगितले जाते की तुझ्यासाठी एवढे पुरे. सवलतीचा क्रमांक हा या शाबासकीचाच सख्खा भाऊ आहे. तो मुलाला वर चढवतो आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर छत घालतो. आपल्या लोकांनी तर हे अजिबात करू नये. समाजाच्या कार्यक्रमात कोणालाही 'राष्ट्रीय पातळीचा' म्हणून हार घालताना हे पोर उद्या खऱ्या राष्ट्रीय मैदानावर उभे राहील तेव्हा त्या हाराचा त्याला उपयोग होईल की ओझे, याचा विचार व्हावा.

याची दुसरी बाजू वर बसलेल्यांनी ऐकायची आहे. ज्यांची नावे यादीत आहेत, ज्या कॉलेजांकडे हिरवळीचे मैदान आहे, प्रशिक्षक आहे, प्रवासाचा खर्च आहे, त्यांनी 'आधी क्रमांक आणा, मग खेळू' असे म्हणू नये. क्रमांक सामन्यातून येतो आणि सामना क्रमांकाशिवाय मिळत नाही, हा फास त्यांच्याच हातात आहे आणि तो त्यांनीच सैल करायचा आहे. वर्षातून दोन-तीन सामने चढत्या संघांशी लावले तर त्यांचे काही जात नाही. हरण्याची भीती वाटत असेल, तर ज्या क्रमांकाचे त्यांना एवढे कौतुक आहे तो आधीच डळमळीत झाला आहे असे समजावे.

आणि चढत्या संघाच्या हितचिंतकांना आमचे सांगणे एवढेच. पोस्टर लावू नका, अर्ज करा. आपल्याहून चार पायऱ्या वर असलेल्या संघाला पत्र लिहा, सामना मागा, पुन्हा मागा. प्रवासाला पैसे नसतील तर वर्गणी काढा. सत्काराच्या शालींवर जेवढे खर्च होतात तेवढ्यात एका संघाचे जाण्या-येण्याचे भाडे सहज निघते. पहिला सामना हरला तर त्याचे आकडे लपवू नका, लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच संघाशी खेळल्यावर शेजारी दुसरे आकडे लिहा. चार-पाच वर्षांनी ती वही उघडली की संघ किती चढला हे कोणालाही दिसेल आणि त्या दिवशी त्याला क्रमांक मिळाला तर तो कोणी उपकार म्हणून दिलेला नसेल.